प्रायमरी म्हणजे बदली

वास आला आणि सुमंत खानझोडेच्या हातानं त्याला न विचारताच ब्रेक दाबला. सोमवारची दुपार, पावणेदोन, तुकडोजी पुतळ्याच्या चौकाच्या जरा अलीकडे. रस्त्यावर चिटपाखरू नाही असं म्हणावं तर मागून एक ऑटो येतच होता. तो दोन बोटांवर येऊन थांबला आणि ऑटोवाला ओरडला, “ओ काका, मराचं हाये का? घरी जाऊन मरा ना!” सुमंतनं हात वर केला, माफी मागितली की नमस्कार केला ते त्याचं त्यालाच कळलं नाही, आणि स्कूटर कडेला घेतली. डोक्याला पांढरा दुपट्टा, वरून हेल्मेट, डोळ्यांवर गॉगल, सगळा बंदोबस्त चोख. दुपट्टा तेवढा नाकावरून घसरला होता. फूटपाथवर फायबरचे कूलर बनवणाऱ्याचं दुकान होतं. एक माणूस उघड्या अंगानं साच्यावर ब्रशनं चिकट रस फासत होता. या दुकानावरून सुमंत आठवड्यातून सहा दिवस, वर्षानुवर्षं जात होता. आज वारा फिरला होता, एवढंच. गोडसर, घशाला चिकटणारा, डोळ्यांच्या मागे जाऊन बसणारा वास. स्टायरीन, नाक म्हणालं. आणि त्याच्या मागोमाग, कोणी न बोलावता, एक आकडा येऊन उभा राहिला. एकशे बारा.  पंचेचाळीस डिग्रीच्या उन्हात, हेल्मेटच्या आत, सुमंतला चक्क थंडी वाजली.

एकशे बारा म्हणजे कालच्या टेस्टमधला एकशे बारावा प्रश्न. तो सुमंतनंच काढलेला. नंदनवनातल्या ज्या क्लासमध्ये तो बावीस वर्षं ऑरगॅनिक केमिस्ट्री शिकवत होता, तिथली रीत अशी होती : दर रविवारी टेस्ट, सोमवारी सकाळी नऊला कच्ची यादी भिंतीवर. पहिले चाळीस जण ए-वन बॅचमध्ये, आणि त्या चाळिसांनाच क्लासच्या वसतिगृहात खोली. एक्केचाळिसाव्याला दोन्ही नाही. एखाद्या उत्तराबद्दल हरकत असेल तर ती त्याच दिवशी पाचपर्यंत, आणि उत्तर बदलायचा अधिकार फक्त प्रश्न काढणाऱ्याला, तोही लाल पेनानं, सहीसकट. पाचला यादी पक्की. बाहेर पडलेल्यानं सहाच्या आत खोली रिकामी करायची, कारण नवीन येणारा बॅग घेऊन खाली उभाच असतो. पोरं याला ‘सोमवार होणं’ म्हणत. ‘तिचा सोमवार झाला’ म्हणजे गेली बिचारी. हा शब्द सुमंतनं पहिल्यांदा ऐकला तेव्हा तो मनापासून हसला होता. पोरांची अक्कल काय चालते बाप्पा, असं घरी येऊन बायकोला, लतिकाला, सांगितलंही होतं.

आणि आज सकाळी अकराला, तास संपल्यावर, शंका विचारणाऱ्यांच्या रांगेत ती उभी होती. रितिका मोहोड. खापरखेड्याची, वडील तिथल्या वीज केंद्रात कोळशाच्या पट्ट्यावर कामाला. बारीक अंगाची, बोलते ते पहिल्या बाकापर्यंतही पोचत नाही. तिनं पेपर पुढे धरला आणि म्हणाली, “सर, मले एक विचाराचं होतं. एकशे बारामधे इथर आहे आन्सर-कीमधे. तिथं स्टायरीन नाही येनार का?” सुमंतनं पेपर पाहिलाच नाही. त्यानं घड्याळ पाहिलं, रांग पाहिली, आणि रांगेकडे तोंड करून आवाज चढवला, “प्रायमरी म्हणजे?” रांगेतल्या दहा-बारा जणांनी एकासुरात उत्तर दिलं, “बदली!” सगळे हसले. तीही म्हणाली “बदली”, सगळ्यांचं म्हणून झाल्यावर, एकटी. मग तिनं पेपरची चौपदरी घडी केली, “बरं सर” म्हणाली आणि गेली. दीड मिनिटही लागलं नसेल. तेव्हा हे किती बरं वाटलं होतं! रांग भराभर पुढे सरकली होती.

हा ‘बदली’चा फंडा म्हणजे सुमंतची उभ्या नागपुरातली ओळख. एक रेणू घ्या, त्याच्या टोकाला ब्रोमिन बसलेला. बाहेरून इथॉक्साइड येतो. त्याच्यापुढे दोन वाटा. एक म्हणजे ब्रोमिनला उठवायचं आणि त्याच्या जागी आपण बसायचं; हे सबस्टिट्यूशन. दुसरी म्हणजे बसायचंच नाही. शेजारच्या कार्बनचा हायड्रोजन हिसकायचा, त्या हिसक्यानं ब्रोमिन उठून जातो, जागा कोणालाच मिळत नाही, आणि ते दोन कार्बन एकमेकांना दुहेरी धरून राहतात, हे एलिमिनेशन. दोन्ही एकाच भांड्यात, एकाच वेळी चालू असतं, आणि कोण किती जिंकलं ते शेवटी कळतं. आता हे सतरा वर्षांच्या पोराला परीक्षेत चाळीस सेकंदांत कसं कळावं? म्हणून सुमंतनं घोषणा बांधली होती. ब्रोमिनवाल्या कार्बनला एकच कार्बन शेजारी असेल तर तो प्रायमरी. “प्रायमरी?” “बदली!” “टर्शरी?” “हकालपट्टी!” “सेकंडरी?” “बघू!” पोरं बाकं वाजवत. दीडशे पोरांचा तो ‘बघू’ खालच्या समोसेवाल्याला ऐकू जाई. अपवाद तो सांगत असे, नाही असं नाही, बाहेरून येणारा अंगानं जाडा असला तर, तापवलं तर. “नागपूरच्या मे महिन्यात कोणी कोणाची जागा घेत नाही, जो तो पळत सुटतो,” हा त्याचा ठरलेला विनोद. पण गेल्या गुरुवारी पेपर काढताना त्याला एक भीतिदायक दिसणारा प्रश्न हवा होता. साधाच प्रायमरी ब्रोमाइड घेतला आणि शोभेला म्हणून त्याच्या शेजारच्या कार्बनला बेंझिनचं कडं अडकवून दिलं. दिसायला राक्षस, आतून प्रायमरी. दहा मिनिटांत पेपर झाला. आणि त्या शोभेनंच घात केला होता. तिथं कडं असलं की त्या शेजारच्या कार्बनच्या हायड्रोजनची पकड ढिली होते, तो सहज हातात येतो. तिथं बदली, म्हणजे इथर, होतच नाही, झाली तर शंभरात पाच. बाकी सगळी हकालपट्टी, बाकी सगळं स्टायरीन.

“अहो, जेवता जेवता हाताचा वास काय घेऊन राहिले?” लतिकानं विचारलं, तेव्हा त्याला कळलं की आपण घरी आलोय, ताटावर बसलोय, आणि वरण-भात निवलाय. तिनं कैरीचा तक्कू वाढला. तो म्हणाला, “रस्त्यात एक वास आला.” “कशाचा?” “स्टायरीनचा.” “बरं,” ती म्हणाली, पंचवीस वर्षांच्या संसारात तिनं असल्या नावांपुढे प्रश्न विचारणं सोडलं होतं. दोन घास त्यानं ढकलले. तिसरा परत ताटात ठेवला. उठून, हात न धुताच, उष्ट्या हातानं त्यानं कपाटातलं जाडं पुस्तक काढलं, आणि लतिका “अहो, हात!” म्हणेपर्यंत पानही सापडलं. तक्ता तिथंच होता, छापलेला, त्याच्याच पेन्सिलची जुनी खूण शेजारी. पंच्याण्णव आणि पाच. त्याला खात्री करायची नव्हतीच मुळी. त्याला वाटत होतं की पुस्तकात काही वेगळं निघावं.

कारण हे त्याला माहीत होतं. हीच तर मेख होती. माहीत नसतं तर माणूस म्हणतो, चुकलं बुवा, कोण सर्वज्ञ लागून गेलाय. पण हे त्याला नाकानं माहीत होतं. विद्यापीठातल्या प्रयोगशाळेत, एम.एस्सी.नंतरच्या दुसऱ्या वर्षी, त्यानं स्वतः हाच ब्रोमाइड इथॉक्साइडबरोबर पंचावन्न डिग्रीला तापवला होता. इथर करायचं होतं. तीन दिवस त्यानं त्या गोल बुडाच्या फ्लास्कपुढे बसून काढले होते, आणि तिसऱ्या दिवशी झाकण काढलं तर त्या गोडसर वासानं सगळी खोली भरून गेली. दत्तोपंत, म्हणजे त्याचे मार्गदर्शक, सगळे त्यांना मागून दत्तोपंतच म्हणत, दारातून आत आले, नाक वर केलं आणि हसायला लागले. “सुमंता, इथर कुठं आहे ते मला दाखवू नकोस, मला वास येऊन राहिला.” त्याला रडू यायचं बाकी होतं. दत्तोपंतांनी स्टूल ओढलं, शेजारी बसले आणि अख्खी संध्याकाळ त्या एका हायड्रोजनवर बोलले. “नियम आपल्या सोयीसाठी असतात रे. रेणूला कोणी जाऊन सांगितलंय का, तू प्रायमरी आहेस म्हणून?” त्या संध्याकाळी सुमंतला वाटलं होतं की हेच आपलं काम, जन्मभर हेच करायचं. मग वडील निवृत्त झाले, बहिणीचं लग्न ठरलं, आणि नंदनवनातल्या क्लासमध्ये एक जागा झाली. म्हणजे जागा झाली नव्हती; तिथं चंपतराव नावाचे एक म्हातारे सर होते, प्रत्येक प्रश्नाला ‘का’ आणि ‘कसं’ सांगत बसणारे, पोर्शन कधी न संपवणारे. सुमंतनं पहिल्या डेमोला एका तासात हाच सगळा धडा संपवून दाखवला, घोषणेसकट. पुढल्या सोमवारी फळ्याच्या कोपऱ्यातलं चंपतरावांचं नाव पुसलेलं होतं. जिन्यात गाठ पडली तेव्हा चंपतराव म्हणाले होते, “छान शिकवता हो तुम्ही. पटकन होतं.” त्यात टोमणा होता की कौतुक, यावर सुमंतनं त्या काळी बरीच वर्षं विचार केला होता, आणि मग सोडून दिला होता.

कूलरचं पाणी संपत आलं होतं, तो नुसता खडखडत होता. पलंगावर आडवं पडून सुमंतनं मोबाइलवर कच्ची यादी उघडली. रितिका मोहोड, त्रेचाळिसावी, पाचशे पासष्ट. चाळिसाव्या जागेवर करिष्मा गिरडकर, पाचशे एकाहत्तर. बरोबर उत्तराला चार, चुकीला उणे एक. त्यानं सगळ्यांचे पर्याय उघडले आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं. दीडशे जणांत एकशे एकोणपन्नासांनी इथर लिहिलं होतं. त्यांचं तरी काय चुकलं? सरांनी सांगितलं ते लिहिलं. एकटीनं स्टायरीन लिहिलं होतं, तिला उणे एक. आणि ही एकटी सकाळी आपल्यासमोर येऊन उभी राहिली, आणि आपण तिच्याकडून ‘बदली’ म्हणवून घेतलं. हे आठवलं की त्याच्या कानाच्या पाळ्या तापत. त्यानं कूस बदलली. दुसऱ्या कुशीवरही तेच होतं.

साडेतीनला त्यानं प्रेमलता मॅडमना फोन लावला. क्लासचं ऑफिस त्यांच्या हातात. यादी लावणं, काढणं, खोल्या देणं, सगळं त्याच बघत. “मॅडम, एकशे बारामध्ये जरा घोळ आहे,” सुमंत म्हणाला, आणि आपण ‘जरा’ का म्हटलं याची त्याला लाज वाटली. पलीकडून पंख्याचा आवाज आला. मग मॅडम म्हणाल्या, “सर, मी काय म्हणते, बोनस देऊन टाका ना. सगळ्यायले चार-चार. प्रश्न छापताना चुकला म्हणू. कोनाच्या पोटात दुखत नाही.” “बोनस,” सुमंत म्हणाला. “हो, हो. चालेल.” फोन ठेवला आणि त्याला एवढं हलकं वाटलं की त्यानं उठून कूलरमध्ये दोन बादल्या पाणी ओतलं, लतिकाला चहा टाकायला सांगितला, वर आलं घाल म्हणालाही. झाकली मूठ झाकलीच राहिली होती. चहाचा कप तोंडाशी नेताना त्याच्या डोक्यानं, सवयीनं, बेरीज केली. रितिकाचं उणे एक गेलं, चार आले, म्हणजे पाचशे पासष्ट अधिक पाच, पाचशे सत्तर. करिष्माला ते चार आधीच मिळालेले, ती आहे तिथंच, पाचशे एकाहत्तर. एका मार्कानं. बोनस दिला तरी रितिका बाहेरच. बरोबर उत्तर बरोबर ठरवलं, चुकीचं चुकीचं ठरवलं, तरच करिष्मा पाचशे सहासष्टवर येते आणि रितिका आत जाते. मधली वाट नव्हतीच. होती ती नुसती सुमंतच्या सोयीची होती. अरे देवा, तो म्हणाला, आणि कप बशीत न ठेवता ओट्यावर ठेवला.

चार वाजले. करिष्मा गिरडकर. काटोलची. पहिल्या बाकावर, डाव्या टोकाला. सुमंत बोलतो ते सगळं ती लिहून घेते, विनोदसुद्धा. एकदा त्याला खोकला आला होता आणि तो थांबला, तर तीही पेन उचलून थांबली. आता तिला जाऊन काय सांगायचं? तू माझ्यावर विश्वास ठेवलास म्हणून तुझा सोमवार झाला? आणि ही दोघींचीच गोष्ट असती तर एक वेळ ठीक. पण लाल पेनानं सही केली की उद्या पालक विचारणार, सर, याआधी किती वेळा? बावीस वर्षं. वर्षाला दीडशे. त्यातल्या किती जणांना खऱ्या परीक्षेत बेंझिनचं कडं भेटलं असेल, किती जणांनी मनातल्या मनात बाक वाजवून ‘बदली’ टिकवलं असेल, आणि एका मार्कानं कुठं कुठं राहिले असतील? एक कुठं औषधाच्या दुकानात, एक कुठं बापाच्या किराण्यात. दर दिवाळीला त्यांचे मेसेज येतात, ‘सर, तुमचा फंडा अजून पाठ आहे.’  शिवाय रोहित होता. अठ्ठावीस वर्षांचा, नुकताच लागलेला नवा सर, खालच्या बॅचेस घेतो, नम्र आहे, जिन्यात भेटला की बाजूला होतो. त्याला एका आठवड्यात सुमंतचा तास देता येईल, कोणाला कळणारही नाही. सुमंत पन्नाशीचा. या वयात उठून कुठं जाऊन बसायचं? चंपतराव कुठं गेले होते? त्यानं कधी विचारलंही नव्हतं. आणि या सगळ्याच्या खाली एक गोष्ट खडखडत होती, ती त्यानं वर येऊ दिली तेव्हा साडेचार झाले होते. त्याला रितिकाचा राग आला होता. एकशे एकोणपन्नास जण गुमान इथर लिहितात, हिलाच काय पडलं होतं! हा राग त्याला स्वच्छ दिसला, आणि तो पँट चढवायला उठला. “या उन्हात कुठं निघाले?” लतिकानं विचारलं. “क्लासला. चुकलंय माझं.” “काय चुकलं?” त्यानं दारात थांबून सांगायचा प्रयत्न केला, कार्बन, कडं, हायड्रोजन, आणि मग म्हणाला, “एका पोरीनं बरोबर लिहिलं होतं. मी बघितलंच नाही.” लतिका एवढंच म्हणाली, “मग जा ना लवकर.”

सक्करदऱ्याच्या सिग्नलला उन्हासाठी रस्त्यावर बांधलेल्या हिरव्या जाळीच्या सावलीत सगळी वाहनं दाटीवाटीनं उभी होती आणि सिग्नल काही सुटेना. चार पन्नास. सुमंतला वाटलं, नाही पोचलो तर? आपण निघालो होतो, पण पोचलो नाही, असं झालं तर? त्या विचारात एक गारवा होता. त्याला तो नको होता तरी तो क्षणभर तिथं थांबला. मग मागचे हॉर्न वाजले.

ऑफिसात प्रेमलता मॅडम प्रिंटरपाशी होत्या. बाकड्यावर रितिका बसली होती, पायाशी एक बॅग आणि गादीची वळकटी, आणि शेजारी एक माणूस, वीज केंद्राचा खाकी शर्ट, कानाच्या मागे कोळशाची राख तशीच. तो चटकन उठून उभा राहिला. “नमस्कार सर. मी गणपतराव, रितिकाचा बाप.” मग पोरीकडे बघून म्हणाला, “सहाच्या आत खोली खाली कराची म्हणे, म्हून ड्युटीवरून तसाच आलो. तुमी काई मनाले लावून घेऊ नका. म्या तिले म्हटलं, सरायशी वाद कराचा नसते. पोरगी म्हणे, सरायचंच बरोबर हाये.” रितिका खाली बघत होती. सुमंतनं विचारलं, “रितिका, तू स्टायरीन कसं काय लिहिलं होतं?” ती घाबरली. “चुकलं सर. मी नंतर पाच वेळा लिहून काढलं, इथर म्हणून.” “नाही, नाही. आधी. आधी काय वाटलं होतं तुला?”  ती बॅगेच्या पट्ट्याशी चाळा करत म्हणाली, “मले वाटलं सर, तो हायड्रोजन तिथं मधातच हाये. एका बाजूनं कडं वढून राह्यलं, एका बाजूनं ब्रोमिन. तो काही टिकत नाही. मंग बसून काय फायदा, हे घेऊन पळाचं सोपं.” तिनं बोटांनी हवेत दाखवलंही. ती अख्खी संध्याकाळ, ते स्टूल, तो फ्लास्क, सगळं दोन वाक्यांत. सुमंतच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्यानं ते पुसायचंही मनात आणलं नाही.

“मॅडम, लाल पेन द्या,” तो म्हणाला. प्रेमलता मॅडमनी घड्याळ पाहिलं, चार सत्तावन्न, आणि आवाज खाली आणला. “सर, बोनस ठरलं होतं ना आपलं? तुमाले माहीत हाये का, हे मोठ्या सरायपर्यंत जाईल. तुमच्या सहीनं जाईल.” “बोनसनं ती एका मार्कानं राहते.” “राहते तर राहते! दर सोमवारी कोनी ना कोनी एका मार्कानं राहतेच ना सर.” त्या चिडून बोलल्या नव्हत्या. हे खरंच होतं. सुमंतनं त्यांच्याच टेबलावरचं पेन उचललं, उत्तरांच्या मूळ कागदावर एकशे बारापुढचं ‘ब’ खोडलं, ‘क’ लिहिलं, आणि सही केली.  “ही बरोबर होती,” तो गणपतरावांना म्हणाला. “तिचं बरोबर होतं. सकाळी ती मला विचारायला आली होती, आणि मी तिचा कागद पाहिला नाही. चूक माझी आहे.”  गणपतरावांनी आधी हात जोडले, मग वळकटी उचलली, मग खाली ठेवली. रितिका हसली नाही. ती प्रिंटरमधून निघणाऱ्या कागदाकडे बघत म्हणाली, “सर, मंग आता कोन जाईल?”

करिष्मा वरच्या अभ्यासिकेत होती. सुमंतनं मॅडमना सांगितलं, तिला बोलवू नका, मीच जातो. दोन मजले चढताना त्यानं चार वाक्यं तयार केली आणि चारही टाकून दिली. ती खिडकीजवळ बसली होती, एकटीच, कारण कच्च्या यादीत चाळिसावी असली तरी चाळिसावीनं पाच वाजेपर्यंत निश्चिंत व्हायचं नसतं, हे ती जाणून होती. त्याला बघून ती उभी राहिली. सुमंतनं तिला बसवलं, समोर बसला आणि सांगितलं, सगळं, लपवाछपवी न करता. प्रश्न मी काढला, उत्तर मी चुकवलं, फंडा तिथं लागत नाही, मला ते आधीपासून माहीत होतं. तुझे पाच मार्क गेले, आणि तुझी खोलीही. तू चुकली नाहीस, मी चुकलो, पण गेले ते तुझे. त्याला वाटलं, आता ही रडेल. त्याला हवंही होतं की तिनं रडावं, चिडावं, आईला फोन लावावा, त्याला खडसावून विचारावं. करिष्मानं एकदाच ओठ घट्ट मिटले आणि सोडले. “बरं सर,” ती म्हणाली. “मंग बरोबर उत्तर सांगून द्या. लिहून घेते.” “स्टायरीन,” तो म्हणाला. तिनं लिहिलं. खाली दोन रेघा ओढल्या. बाजूला छोट्या अक्षरात लिहिलं, कडं असेल तर हकालपट्टी. एवढं करून ती त्याच्याकडे बघत राहिली, आणखी काही आहे का म्हणून, पुढच्या वाक्यासाठी तयार.

“करिष्मा,” सुमंत म्हणाला. त्याचा आवाज त्यालाच ओळखू येईना. “तू मला विचार ना, असं का. काहून म्हणून विचार.” ती गोंधळली. तिनं दाराकडे पाहिलं, मग वहीकडे, यात काही फसवाफसवी आहे का याचा अंदाज घेतला. सर सांगताहेत म्हणजे विचारायलाच हवं होतं.

“काहून, सर?” ती म्हणाली, आणि लिहून घ्यायला पेन कागदावर टेकवलं.